अकरा तारखेचा बोया

पैज मीच काढली, कबूल. पण त्या दिवशी फॉन्सचं तोंड बघितलं असतंत तर तुम्हीही काढली असतीत.

टर्न कोव्ह या आमच्या गावच्या पोस्टाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. कार्मेल मावशीच्या हातात कोर्टाचा कागद होता. मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे. आमच्या बंदरावर साठी ओलांडलेली प्रत्येक बाई सगळ्या गावाची मावशीच असते. फॉन्स मात्र तिचा खराखुरा दीर. कागदात लिहिलं होतं की जूनच्या सतरा तारखेला सेंट जॉन्स शहरात खटला उभा राहणार. कार्मेल पॉवर विरुद्ध विमा कंपनी.

"जिंकणार वहिनी," फॉन्स छाती काढून म्हणाला. "शंभर टक्के."

आता फॉन्सने असं छातीठोक काही म्हटलं की माझ्या अंगाला खाज सुटते. हे आजचं नाही, शाळेपासूनचं आहे.

"कंपनी दमडी देणार नाही," मी म्हटलं. "त्यांच्याकडे वकील आहेत. मावशीकडे कोण आहे? तू?"

"मी स्वतःच बोलणार आहे," मावशी कागदाची घडी घालत म्हणाली. "वकिलाला द्यायला पैसे असते तर मी बोट घेतली असती."

"लाव पैज!" मी फॉन्सला म्हटलं.

"लावली! काय लावतोस?"

पोस्टातल्या बाईसकट चार माणसं बाहेर आली. खूप घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं ते असं. आमच्याकडे ख्रिसमसात लोक सोंगं घेतात. बायकोचा झगा, पोटावर उशी, तोंडावर जाळीचा पडदा, आणि घरोघर जाऊन नाचायचं. आत कोण आहे ते घरच्यांनी ओळखायचं. हरणाऱ्याने हे सोंग ऑगस्टात घ्यायचं. चर्चच्या जत्रेत, भर दुपारी, ट्रकच्या पाठीवर, आणि तोंडावर पडदा न घेता.

"म्हणजे तू माझ्या हरण्यावर पैज लावलीस, लिअँडर?" मावशीने विचारलं.

"मावशी, मनाला लावून घेऊ नकोस. फॉन्सला झग्यात बघायचंय म्हणून."

"माझी बोट गेलीय आणि तुम्हाला झगे सुचतायत," ती म्हणाली आणि घरी गेली. पण ओठाचा कोपरा हलला होता. मी बघितला ना.

तिची बोट म्हणजे 'रुबी डॉन'. नवरा गेल्यावर नऊ वर्षं ही बाई एकटी सुकाणूवर उभी राहून खेकडे आणत होती. आमच्यातले भले भले गडी लाटा बघून परत फिरायचे आणि ही पिंजरे भरून, डोक्याला तोच हिरवा रुमाल बांधून, चहा पीत धक्क्याला लागायची. मी तिची कधी खोड काढली नाही असं नाही. पण तिच्यासारखी बोट चालवता आली असती तर मी खोड्या काढत बसलो नसतो, एवढं सांगतो.

गेल्या वर्षी मेच्या तेरा तारखेला पहाटे बर्फाचा एक तुकडा भरतीबरोबर आत आला. मोठे डोंगर लांबूनच जातात, त्यांची भीती नसते. हे घराएवढे तुकडे वाईट. दहातले नऊ हिस्से पाण्याखाली आणि वर बघाल तर पांढरं मेंढरू. त्याने नांगरावर उभ्या असलेल्या रुबी डॉनचं पोट फाडलं. आम्ही उठलो तेव्हा नुसता डोलकाठीचा शेंडा दिसत होता.

बर्फानेच बुडाली हे कंपनीलाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं वेगळंच. विम्याच्या कागदात एक अट होती: बोट नांगरावर असताना रोज एकदा कुणीतरी तिच्यावर चढून तळ तपासायचाच. ही नुसती अट नाही, हमी आहे, म्हणे. एक दिवस चुकला की त्या दिवसापासून विमा संपला. पुढे ती बर्फाने बुडो नाहीतर देवमाशाने गिळो, चुकलेल्या दिवसाचा आणि बुडण्याचा संबंध असण्याची गरज नाही, कायदा तसा प्रश्नच विचारत नाही.

"रोज तपासत होते," मावशीने कळवलं.

"कुठे लिहून ठेवलंय?" कंपनीने विचारलं.

आता आमच्याकडे कोण लिहितं? आमच्याकडे बोया असतो. प्रत्येक बोटीच्या केबिनवर एक नारिंगी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, टांगलेला. जो कुणी चढून तळ बघेल, पाणी काढेल, त्याने बोया फिरवायचा. सम तारखेला चर्चच्या बाजूला, विषम तारखेला समुद्राच्या बाजूला. खिडकीतून एक नजर टाकली की कळतं, आज अमक्याची बोट बघून झालीय की नाही. नसेल तर जो मोकळा असेल तो वल्ही मारत जातो आणि बघून येतो. धन्यवाद वगैरे कुणी म्हणत नाही. माझा आजाही हेच करायचा.

मावशीने शपथपत्रात हे सगळं बोयापुराण लिहिलं. तिला पैसे मिळाले नाहीत तर हा दुसरा हंगामही बिनबोटीचा जाणार होता आणि मग खेकड्याचा परवाना विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परवाना गेला की संपलं. कार्मेल मावशी खिडकीत बसून स्वेटर विणणार. मला तर ते डोळ्यांसमोर येईना.

सतराला आम्ही फॉन्सच्या गाडीतून साडेतीन तास प्रवास करून कोर्टात पोचलो. न्यायाधीश बाई होत्या, हॅलिफॅक्सहून आलेल्या, नाकावर चष्मा. कंपनीचा वकील कटबर्ट म्हणून, उंच, गुळगुळीत, बोलताना दर वाक्यानंतर पेन ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा.

मावशीने सुरुवात केली आणि मी बघतच राहिलो. बाईने चाळीस पानी विम्याचा कागद तोंडपाठ केलेला. कंपनीचा बोटी तपासणारा माणूस साक्षीला उभा राहिला तर तिने त्याला विचारलं, "तुम्ही माझ्या बोटीचा तळ शेवटचा कधी बघितला?"

"बुडण्याच्या दोन वर्षं आधी."

"कसा होता?"

"उत्तम."

"त्यानंतर दोन वर्षं तळ बघायला कोण चढत होतं? तुम्ही?"

"नाही."

"मग बोट दोन वर्षं तरंगली कशी?"

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. फॉन्सने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "झग्याचं माप देऊन ठेव," तो कुजबुजला.

मग कटबर्ट उठला. त्याने पेन ठेवला, तीन मोठे फोटो काढले. गेल्या वर्षी ओंटारिओचं एक जोडपं बर्फाचे डोंगर बघायला आमच्याकडे येऊन राहिलं होतं. रोज सकाळी दहाला गच्चीवरून एक फोटो. दहा मे, अकरा मे, बारा मे. मागे बर्फ, पुढे आमचं बंदर, आणि मधोमध रुबी डॉन.

"श्रीमती पॉवर, दहा तारखेला बोया कुठे आहे?"

"चर्चच्या बाजूला."

"बरोबर, सम तारीख. बाराला?"

"चर्चच्या बाजूला."

"आणि अकराला?"

मावशीने फोटो हातात धरला.  "चर्चच्या बाजूला," ती म्हणाली.

"तो रविवार होता. तुम्ही प्रार्थनेला गेला होतात. एक दिवस राहून गेलं. माणूस विसरतो."

"मी सहा वाजता चढले होते. बोया समुद्राकडे केला होता."

"मग फोटोत तो तिकडे का नाही?"

"ते मला माहीत नाही."

"विसरला असाल, अशी शक्यता तरी मानाल?"

"नाही."

कटबर्टने पेन उचलला.  आणि तो बोया कुणी हलवला ते मला ठाऊक होतं.

मीच.

सांगतो. त्या रविवारी फॉन्स नवा निळा कोट घालून प्रार्थनेला निघाला होता. त्या कोटाचं कौतुक तो आठवडाभर सांगत होता. मावशी सहाला बोट बघून आली हे मी माझ्या धक्क्यावरून बघितलं होतं. आठ वाजता मी गुपचूप वल्ही मारत गेलो आणि बोया परत चर्चकडे केला. प्रार्थनेहून येताना फॉन्सला बोया दिसला. त्याने मरणाऱ्या भावाला शब्द दिलेला, वहिनीच्या बोटीवर लक्ष ठेवीन. गेला बिचारा निळ्या कोटात वल्हवत. कोरड्या तळात पंप मारला, बोया समुद्राकडे केला, परत आला. तो जेवायला बसला तसा मी पुन्हा फिरवला. तो पुन्हा गेला. चार वाजता मी तिसऱ्यांदा. माझ्या शेडमागे हसून हसून मला उचकी लागली होती. संध्याकाळी बोया बरोबर जागी ठेवला फॉन्सनेच. आणि मी सगळं विसरून गेलो. मला काय माहीत, गच्चीवर कुणी फोटो काढतंय!

तोवर फॉन्स उठून उभा राहिला होता. "मॅडम, मला बोलायचंय! मी गेलो होतो त्या दिवशी!"

साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव होतंच. शपथ झाली.

"मला वाटलं वहिनी विसरली," तो म्हणाला. मावशीकडे न बघता. "म्हणून मी कुणाला बोललो नाही वर्षभर. तिला कानकोंडं वाटलं असतं. पण मी चढलो, तळ बघितला. तीनदा."

"तीनदा?" कटबर्ट गोड हसला. "एकदा पुरेसं नव्हतं?"

"बोया परत यायचा ना!"

"म्हणजे?"

"मी समुद्राकडे करायचो, घरी येऊन बघतो तर पुन्हा चर्चकडे. मग परत जायचो."

"कोण हलवत होतं तो?"

 फॉन्सचे कान लाल झाले. "आमच्याकडे... म्हणजे जुनी माणसं म्हणतात, न दिसणारे, खोड्या काढणारे... परीलोक."

"परीलोक."

"म्हणून तिसऱ्या खेपेला मी खिशात पाव घेऊन गेलो होतो. खिशात पाव असला की ते जवळ येत नाहीत."

कोर्ट फुटलं. टाइप करणारी बाईसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. कटबर्टने थांबू दिलं आणि मग हळूच विचारलं, "श्री. पॉवर, वहिनी जिंकण्यात तुमचा काही फायदा?"

"फायदा कसला? पैज आहे फक्त."

संपलं. फॉन्सच्या साक्षीची माती झाली. आणि सगळं कोर्ट त्याच्याकडे बघून हसत असताना एक माणूस हसत नव्हतं. कार्मेल मावशी मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होती.

मध्यंतर झालं. कटबर्ट मावशीकडे आला, आवाज एकदम तुपातला. "कंपनी अर्धी रक्कम द्यायला तयार आहे. आता, इथेच."

"घे वहिनी," फॉन्स रडवेला झाला होता. "माझ्यामुळे बिघडलं. घेऊन टाक."

"अर्धी बोट तरंगत नाही," मावशी त्या वकिलाला म्हणाली. "पाय दुखतायत, जरा बसते मी."

तो गेला. ती माझ्याशेजारी बाकावर बसली, थर्मासमधला चहा ओतला, डब्यातलं टूटन, म्हणजे पावाच्या पिठाचा तळलेला तुकडा, काढून त्यावर काकवी घातली. मला दिलं. मी ते गुडघ्यावर ठेवलं.

"त्या रविवारी सकाळी आठ वाजता तू गळ न घेता होडीतून कुठे हिंडत होतास रे?" तिने विचारलं.

"तू बघितलंस?"

"होडी बघितली. हात नाही बघितला."

"मग मघाशी बोलली का नाहीस? नाव घ्यायचंस माझं!"

"शपथ घेतली होती. जे बघितलं नाही ते कसं सांगू?"

बघा म्हणजे. बाईची बोट बुडालेली, परवाना जायच्या वाटेवर, समोर वकील तिला विसराळू ठरवतोय, आणि ही अंदाजाने माझं नाव घ्यायला तयार नाही! मी तिच्या जागी असतो तर पूर्ण गावाची नावं घेतली असती.

"मावशी, मी बोललो तर ते माझ्यावर उलटतील. दुसऱ्याच्या बोटीवर चोरून चढलो, काहीतरी मोडलं असेल म्हणतील. पैसे माझ्याकडून मागतील. माझं घर..."

"म्हणतील कदाचित," ती म्हणाली. "मी तुला बोल म्हणत नाही." आणि खरंच, पुढे एक शब्द नाही. चहा प्यायली, कप पुसला, झाकण लावलं. आयुष्यात मला कुणी एवढं सोलून काढलेलं नाही.

आत गेल्यावर मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "मॅडम, ते परीलोक म्हणजे मी."

कटबर्ट उसळला. यादीत नाव नाही, ऐनवेळचा साक्षीदार, अमुक कलम. न्यायाधीश बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला परीलोकांची साक्ष ऐकायचीय."

मी सगळं सांगितलं. निळ्या कोटासकट. मागून फॉन्सचा आवाज आला, "हरामखोरा! तूच होतास!" शिपायाने त्याला खाली बसवलं.

कटबर्ट उलटतपासणीला आला तो गालात हसत. "गावात तुमची ख्याती काय आहे?"

"वाईट."

"लोकांना फसवता."

"जमेल तसं."

"मागच्या वर्षी पाद्रीबुवांच्या बुटात काय घातलं होतंत?"

हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. "जिवंत खेकडा," मी म्हटलं. "लहान होता."

"मग या कोर्टाने तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? ही तुमची आणखी एक थाप असेल. शेजारणीला मदत करायची म्हणून."

आणि खरं सांगतो, त्याचं बरोबरच होतं. पन्नास वर्षं मी मेहनत करून कमावलं होतं ते हेच, की लिअँडर खरं बोलत असेल असं कुणालाही वाटू नये. मी कठड्याला धरून उभा. मावशी उठली. आता तिची पाळी होती मला विचारायची.

"लिअँडर, पोस्टाबाहेर पैज लागली तेव्हा तू कुणाच्या बाजूने होतास?"

"कंपनीच्या."

"मी जिंकले तर तुला काय करावं लागेल?"

मी न्यायाधीश बाईंकडे बघितलं. "सांगायलाच पाहिजे का, मॅडम?"

"पाहिजे."

"ऑगस्टात, भर जत्रेत, बायकोचा झगा घालून, पोटावर उशी बांधून ट्रकवर नाचायचं. उघड्या तोंडाने."

"आणि आज गप्प बसला असतास तर?"

"तर फॉन्स नाचला असता."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही बोया हलवायला चढलात तेव्हा तळ बघितलात का?"

"बघितला ना! दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवला आणि तळ न बघता उतरलो, असं कसं होईल? हात आपोआप तळाच्या झाकणाकडे जातो. पहिल्या खेपेला अर्धी बादली पाणी होतं, काढून टाकलं. नंतर कोरडा होता. म्हणून तर फॉन्सचं हसू येत होतं."

हे मी अगदी सहज म्हटलं. कटबर्टने पेन ठेवला आणि परत उचललाच नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. बाईंनी वाचून दाखवला, मला थोडा पाठ आहे. त्या म्हणाल्या, अट अशी की रोज कुणीतरी चढून तळ तपासावा. कुणी आणि कशासाठी, ते कंपनीने लिहिलेलं नाही. अकरा तारखेला रुबी डॉन सात वेळा तपासली गेली: एकदा मालकिणीने नेमाने, तीनदा दिराने भीत भीत, आणि तीनदा शेजाऱ्याने निव्वळ खोडसाळपणाने. या किनाऱ्यावर त्या दिवशी तिच्याइतकी तपासलेली बोट दुसरी नसावी. विमा कायम. पूर्ण रक्कम, व्याजासकट.

मावशी रडली नाही. तिने रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि कटबर्टकडे जाऊन त्याचा हात हातात घेतला. "चांगलं बोललात," म्हणाली. "पण रविवारी मी विसरले असं म्हणायला नको होतंत." तो पठ्ठ्या लाल झाला.

घरी येताना साडेतीन तास फॉन्स माझ्याशी बोलला नाही. गावाच्या वळणावर मात्र गाडी थांबवून म्हणाला, "फुलाफुलांचा हवा. तो गुलाबी."

"फॉन्स, राजा, मी तुझी वहिनी जिंकवली."

"गुलाबी," फॉन्स म्हणाला.

तर ऑगस्टची आठवी तारीख, शनिवार. ढग एक नाही, वारा नाही. चर्चच्या मागे सगळं गाव, शेजारची तीन गावं, आणि पोस्टातल्या बाईने बोलावलेला रेडिओवाला. माझ्या बायकोने, फिलोमिनाने, झगा स्वतः इस्त्री करून दिला होता; इतक्या प्रेमाने तिने माझा शर्ट कधी इस्त्री केलेला नाही. पोटावर उशी, पायात फॉन्सने दिलेले बूट. ते त्याने मुद्दाम दोन माप मोठे आणलेले. पाद्रीबुवांनी मला ट्रकवर चढायला हात दिला आणि कानात म्हणाले, "बूट तपासलेस ना, लिअँडर?"

"कोण आहे हो हे सोंग?" फॉन्स कर्ण्यातून ओरडला.

"ओळखता येत नाही बुवा!" अख्खं गाव ओरडलं.

"चेहरा ओळखीचा वाटतो, पण बाई जरा सुटलीय!" मागून कुणीतरी.

मी म्हटलं, चला, दोन मिनिटं पाय आपटायचे आणि उतरायचं. किती वेळ नाचायचं हे पैजेत ठरलंच नव्हतं. एवढ्यात गर्दीतून कार्मेल मावशी पुढे आली. अंगाला नव्या रंगाचा वास, कारण नवीन बोटीवर ती सकाळपासून नाव रंगवत होती. तिने बाकावरचं अकॉर्डियन उचललं, पट्टा खांद्यावर घेतला, ट्रकच्या फळीवर टेकली आणि सुरू केलं. सुरुवातीलाच अशी द्रुत चाल, की माझा उजवा बूट उडून केकच्या टेबलावर गेला.

एक गाणं झालं. मी वाकून नमस्कार केला. तिने दुसरं धरलं.

"मावशी, बस की!" मी धापा टाकत म्हटलं. उशी सरकून पाठीवर गेली होती.

"आत्ता कुठे बोटं मोकळी होतायत," ती म्हणाली.

तिसरं. चौथं. फॉन्स हसता हसता गवतात लोळत होता, त्याच निळ्या कोटात. सहाव्याला मी गुडघ्यावर आलो, हात जोडले. मावशीने भाता पूर्ण ओढला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाली, "सात वेळा तपासलीत ना रे बोट? ऊठ. एक राहिलंय."